फक्कीची रेघ

निपाणीच्या स्टँडवरून तू चालत निघालास तेव्हा सकाळचे सहा वाजलेत. वखारींच्या बाजूनं तंबाखूचा वास येतोय. परक्याला त्यानं ठसका लागतो, तुला लागत नाही. तू इथंच वाढलास. थोडं पुढं गेलं की पाट्यांवरची कन्नड अक्षरं कमी होतात, दारातल्या मोटरसायकलींचे नंबर केए २३ वरून एमएच ०९ वर येतात आणि अर्जुननगर लागतं. १९६१ मध्ये सुरू झालेलं देवचंद कॉलेज इथलंच. गाव निपाणीला चिकटलेलं, पण तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, विद्यापीठ शिवाजी. साठ वर्षांहून जास्त काळ निपाणीची पोरं चालत परराज्यात शिकायला जातात आणि जेवायला घरी येतात. तुझंही नवं कॉलेज रेघेच्या पलीकडं आहे.

ही रेघ पायांना कळत नाही, कागदाला कळते. तुझी पीयूसी बेळगावात झाली, कर्नाटकाच्या बोर्डाची, म्हणून सॅकमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत मायग्रेशन सर्टिफिकेट आहे. इथून नाव कमी झालं, तिथं लावायला हरकत नाही, एवढंच त्यावर लिहिलंय. तू डाव्या विंगवर खेळतोस, रात्री तुला झोप लागली नाही, आईनं बांधून दिलेली भाकरी सकाळी तुझ्या घशाखाली उतरली नाही, यातलं त्यावर काही नाही.

मैदानावर पोरं आधीच आलीत. दोन-दोन वर्षं एकत्र खेळलेली आहेत, ते बघताक्षणी कळतं. बूट बांधताना कोण कुणाशेजारी बसतो हे ठरलेलं आहे. तू एका कडेला बसतोस.

सामना सुरू होतो. तू डावीकडून मोकळा धावतोस आणि बेळगावच्या सवयीनं ओरडतोस, “कोडु, कोडु!”

दोघं हसतात. “काय म्हनतंय रं ह्ये?”

तिथं सगळे असंच ओरडायचे. दे म्हणजे कोडु, सोड म्हणजे बिडु. मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी, सगळ्या घरांतली पोरं होती आणि मैदानाची भाषा सगळ्यांची मिळून झालेली होती. इथं तो शब्द हवेत राहतो आणि बॉल उजवीकडं जातो. दुसऱ्यांदा जातो. दहाव्यांदाही तिकडंच जातो. तुझं नाव कुणी विचारलेलं नाही. “ए बेळगाव” अशी हाक मारतात. गंमत म्हणजे बेळगावात तुला सगळे “निपाणी” म्हणायचे.

शेवटी एकदाचा बॉल तुझ्या पायात येतो. आणि तू तेच करतोस, जे प्रत्येक नवा खेळाडू करतो: आता दाखवतोच. एकाला काढतोस, दुसऱ्याला काढतोस, तिसऱ्याशी अडतोस. बॉल जातो. समोरचे तीन पासमध्ये तुमच्या गोलपर्यंत पोचतात आणि गोल होतो. कागलचा उंच सेंटर बॅक दोन्ही हात पसरून तुझ्याकडं बघतो. बोलत काहीच नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तू टचलाइनवर बसतोस. तळहात जमिनीला टेकतात आणि पांढरे होतात. फक्की. काल मारलेली ताजी रेघ. तू डोळे मिटतोस.

*

उघडतोस तेव्हा हातात बादली आहे.

थंडी आहे, बेळगावची डिसेंबरची, कानाच्या पाळ्यांना झोंबणारी. समोर मोकळ्या रानावर तंबूंचं एक अख्खं गाव उभं राहिलंय. प्रवेशद्वाराला हंपीच्या गोपुराचा आकार दिलाय. गावाचं नाव विजयनगर, पाण्यासाठी नवीन खणलेल्या विहिरीचं नाव पंपा सरोवर. हे टिळकवाडी आहे, साल १९२४. २६ आणि २७ डिसेंबरला इथं काँग्रेसचं अधिवेशन भरतंय, महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष झाले असं आयुष्यातलं एकमेव. यजमान गंगाधरराव देशपांडे, ‘कर्नाटक सिंह’. स्वयंसेवकांची शिस्त डॉक्टर ना. सु. हर्डीकरांच्या हाती.

आणि तू त्या स्वयंसेवकांतला एक. डोक्यावर टोपी, अंगात खादीचा जाडाभरडा सदरा, नाकावर फडकं. तुला झेंडा धरायचं काम मिळालेलं नाही, पुढाऱ्यांना वारा घालायचंही नाही. तुझ्या तुकडीकडं संडास आहेत. चर खणायचे, वापरलेल्यावर माती टाकायची, बादल्या वाहायच्या. सफाईच्या कामात काकासाहेब कालेलकर स्वतः उतरलेत. ज्या घरांत या कामाकडं बघायचीसुद्धा रीत नव्हती, अशा घरांतली पोरं तुझ्या दोन्ही बाजूंना वाकून माती ओढतायत. उजवीकडचा कन्नड बोलतो, डावीकडचा मराठी. तिसऱ्या बादलीपर्यंत कुणाची भाषा कुठली, याला अर्थ उरत नाही. बादली जड आहे, एकानं एका बाजूनं धरायची, दुसऱ्यानं दुसऱ्या. एकानं मध्येच सोडली तर काय होईल, हे दोघांनाही चांगलं ठाऊक आहे. म्हणून कुणी सोडत नाही.

संध्याकाळी हातपाय धुऊन तुम्ही विहिरीच्या काठाला बसता. मंडपातून स्वागतगीताचा आवाज येतोय. गाणाऱ्यांत धारवाडची एक अकरा वर्षांची मुलगी आहे. पुढं सारा देश तिला गंगूबाई हनगल म्हणून ओळखणार आहे. गाणं कन्नड आहे, आणि तुझ्याशेजारचा मराठी पोरगा ताल धरून बसलाय.

तुकडीतला एक वडीलधारा मागच्या वर्षीची हकीकत सांगतो. नागपूरचा झेंडा सत्याग्रह, १९२३. देशभरातून स्वयंसेवक गेले आणि तुरुंगात पडले. तिथं हाल सोसवेनात, तेव्हा पुष्कळांनी माफी लिहून दिली. हर्डीकरांनी हुबळीहून आणलेल्या सेवा मंडळाच्या पोरांनी दिली नाही. त्यावरूनच ठरलं की देशभर अशी तयारी केलेली माणसं हवीत, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात काकीनाड्याच्या अधिवेशनात हिंदुस्तानी सेवा दलाचा पाया घातला गेला.

“त्यांची मनं काय दगडाची होती?” तू विचारतोस.

“नव्हती,” तो म्हणतो. “पण आत जायच्या आधी ती एकत्र राहिली होती. एकत्र कवायत, एकत्र जेवण. एकटा असलास की कागद पुढं आल्यावर हात थरथरतो. शेजारी आपला माणूस आहे, आणि त्यानं सही केलेली नाही, हे माहीत असलं की तो कागद परत सारता येतो.”

आत मंडपात मोठ्यांचीही हीच परीक्षा चाललीय. काँग्रेस दोन गटांत फाटलीय. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंच्या स्वराज्य पक्षाला कौन्सिलांत जाऊन लढायचंय. दुसऱ्या गटाला कौन्सिलांचं तोंडही बघायचं नाही. गांधीजी दुसऱ्या गटाचे, तरी त्यांनी गेल्याच महिन्यात स्वराज्य पक्षाशी करार करून कौन्सिलांतलं काम त्यांच्यावर सोपवलंय, आणि बेळगावात त्यावर शिक्कामोर्तब होतंय. सगळ्यांत मोठ्या खेळाडूनं बॉल आपल्या पायातून दुसऱ्याला दिलाय, त्याची वाट आपल्याला पटत नसतानाही.

तू विहिरीत वाकून बघतोस. पाण्यात तुझा चेहरा हलतो आणि तू पडतोस.

*

या वेळी तू घरातच जागा होतोस. तेच निपाणीचं घर, फक्त भिंती मातीच्या. बाहेर पणजोबा कट्ट्यावर बसलेत. तारीख १ नोव्हेंबर १९५६.

काल रात्री तू मुंबई राज्यात झोपलास. आज म्हैसूर राज्यात उठलास. अंथरूण तेच, दारातला कडुनिंब तोच. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यानं बेळगाव जिल्हा तिकडं गेला, पण सगळा नाही: त्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला. कालपर्यंत एका संघात असलेली माणसं यादी लागल्यावर दोन संघांत गेली. यादी कुणी वाचून दाखवली नाही. कुणाला विचारलंही नाही.

पणजोबा बोलत नाहीत. जानेवारीत, १७ तारखेला, हा भाग कुठल्या राज्यात जाणार या प्रश्नावर बेळगाव-निपाणीत गोळीबार झाला आणि माणसं गेली. दर वर्षी त्या दिवशी हुतात्म्यांना अभिवादन होणार आहे. १ नोव्हेंबरलाही इथं दर वर्षी दोन गोष्टी एकाच वेळी घडणार आहेत: एका चौकात राज्योत्सव, दुसऱ्या चौकात काळा दिवस. १९६६ मध्ये याच प्रश्नावर महाजन आयोग बसणार आहे. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात जाणार आहे. तुला हे सगळं माहीत आहे, त्यांना नाही. तू त्यांच्या शेजारी बसतोस. “सगळं ठीक होईल” असं म्हणावंसं वाटतं, पण तुला खोटं बोलवत नाही.

तेवढ्यात शेजारची कन्नड अज्जी येते. तिच्या हातात पितळी तांब्या आहे. रोज येते, तशीच. ताक उंबऱ्यावर ठेवते, पणजोबांकडं एकदा बघते आणि कन्नडात म्हणते, आज जरा आंबट झालंय. पणजोबा मराठीत म्हणतात, चालतंय. एवढंच.

तू त्या तांब्याकडं बघत राहतोस. अज्जीला आज सण असेल, पणजोबांना सुतक. तिनं त्यांची समजूत काढली नाही. जिंकल्याचं दाखवलं नाही, हरल्याचं विचारलं नाही. पण काल आलेलं ताक आजही आलं, आणि उद्याही येणार आहे हे पणजोबांना कळलं. तांब्या उचलून ते आत जातात. दुपारी ते शेतावरही जातात.

विसरून जाणं म्हणजे टिकणं, असं तुला वाटत होतं. पणजोबा मरेपर्यंत काही विसरणार नाहीत, हे तुला घरातल्या गोष्टींवरून माहीत आहे. तरी त्यांनी त्या हंगामाची तंबाखू वाढवली, विकली. दुखणं बरोबर घेऊन रोजचं काम करायला त्यांना एक गोष्ट पुरली: शेजारचं माणूस कालच्यासारखंच वागलं.

उंबऱ्यावर ताकाचा एक थेंब सांडलाय. तू त्यावर पाय ठेवतोस.

*

आवाजानं कान फुटायची वेळ येते. हलगी घुमतेय. तू कोल्हापुरात आहेस, राजर्षी शाहू स्टेडियमच्या मैदानावर, २०१० नंतरच्या कुठल्याशा उन्हाळ्यात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा हंगाम रंगात आलाय. गॅलरीत पेठाच्या पेठा बसल्यात. संघांची नावं ऐक: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. देशात फुटबॉलच्या संघाला क्लब म्हणतात. इथं तालीम म्हणतात, कारण जिथं पैलवान घडले तिथंच हे संघ उभे राहिले.

इथं संघ बदलणं म्हणजे काय, हे गॅलरी तुला सांगते. हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी होते. कोण कुणाकडं गेला, याची चर्चा चहाच्या गाड्यावर आठवडाभर चालते. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंसाठी २०१८ पासून चक्क एक पोर्टल आहे: नाव टाकायचं की दुसऱ्या विद्यापीठांना तुझ्याशी बोलायला मोकळीक. २०२१ मध्ये तर नियम सैल झाले आणि एकदा संघ बदलल्यावर वर्षभर बाहेर बसायची अट गेली. तिथले प्रशिक्षकही आता तेच विचारतायत जे इथं पेठेतला म्हातारा विचारतो: नाव तर लागलं, पण पोरगं आपलं कधी होणार?

तुझ्या अंगात आज नव्या पेठेची जर्सी आहे. गेल्या वर्षी तू समोरच्यांकडून खेळलास. तुझं नाव घेऊन गॅलरीचा एक कोपरा जे ओरडतोय ते लिहिण्यासारखं नाही. तुझ्याच संघातला नायजेरियाहून आलेला स्ट्रायकर तुझ्याकडं बघून हसतो. तो तुझ्याहून लांबून आलाय. त्याला मराठीचे चार शब्द येतात: दे, मार, मागं आणि मर्दा. तेवढ्यावर त्याचं चाललंय.

सामना संपतो. वस्ताद तुला आणि त्याला तालमीत घेऊन जातात. आत हौद्यात लाल माती आहे. हातात फावडं देतात.

“उकरा.”

“वस्ताद, आम्ही फुटबॉलवाले.”

“हितं जो येतो त्यो आदी माती उकरतो. मग खेळ.”

तुम्ही उकरता. हौदा पायाखाली घट्ट झालेला असतो, तो रोज मोकळा करावा लागतो. घट्ट मातीवर पाठ आपटली तर माणूस जायबंदी होतो. एकजण मातीत ताक ओततो, दुसरा तेल, तिसरा हळद टाकतो आणि लिंबं पिळतो. नायजेरियाचा गडी वास घेऊन विचारतो, हे खायचं आहे का. सगळे हसतात, तोही हसतो, आणि त्या हसण्यात तू पहिल्यांदाच बाहेरचा नसतोस.

फावडं मारता मारता तुला कळतं. ही माती तुम्ही स्वतःसाठी मोकळी करत नाही. उद्या सकाळी जो पडणार आहे, त्याच्यासाठी करता. तो कोण असेल ते माहीत नाही. परवा तू पडशील, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी ती मोकळी करून ठेवलेली असेल. तालमीत एकमेकांवरचा भरवसा यातून येतो. छाती ठोकून तो येत नाही.

*

माती हिरवी होते. दिल्ली, जवाहरलाल नेहरू स्टेडियम, ९ ऑक्टोबर २०१७. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक. तू राखीव खेळाडूंच्या बाकामागं उभा आहेस आणि तुला कुणी बघू शकत नाही.

या संघाकडं नीट बघ. एकवीस पोरं, त्यातली आठ मणिपूरची. कर्णधार अमरजित सिंग कियामही तिथलाच. बाकीची मिझोराम, बंगाल, पंजाब, केरळ, कर्नाटकातून आलेली. नमित देशपांडे नावाचा मराठी घरातला बचावपटू अमेरिकेत वाढून इथं आलाय. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून वर आलाय. तुझ्या निपाणीहून त्याचं गाव चाळीसेक किलोमीटर. प्रशिक्षक लुईस नॉर्टन डी मातोस पोर्तुगालचे, तेही याच वर्षी नेमलेले. नवीन कोण आणि जुना कोण, हे इथं सांगायची सोय नाही.

तीन दिवसांपूर्वी अमेरिकेनं तीन गोल घातले. आज समोर कोलंबिया. पहिल्या हाफच्या अखेरीस राहुल के.पी.चा फटका पोलला लागून परत येतो आणि सगळं स्टेडियम एकदम श्वास सोडतं. एकोणपन्नासाव्या मिनिटाला कोलंबियाच्या पेन्यालोसाचा गोल होतो.

ब्याऐंशीवं मिनिट. कॉर्नर. घ्यायला बंगळूरचा संजीव स्टॅलिन. बॉल वळत येतो आणि मणिपूरचा जॅक्सन सिंग उंच उडी घेऊन डोकं लावतो. गोल! भारताचा फिफाच्या विश्वचषकातला पहिला गोल. एक-एक. पोरं एकमेकांच्या अंगावर पडलीत. तुझ्या डोळ्यांत पाणी आलंय.

त्र्याऐंशीवं मिनिट. पेन्यालोसा पुन्हा गोल करतो. दोन-एक.

एक मिनिट. आयुष्यभर वाट बघितलेली गोष्ट मिळाली आणि एका मिनिटात हातातून गेली. तू गोलरक्षक धीरज सिंगकडं बघतोस. तो जाळ्यातून बॉल काढतो, जोरानं पुढं फेकतो आणि टाळ्या वाजवत ओरडतो. कुणाचा माणूस सुटला याचा हिशेब कुणी विचारत नाही. मधल्या वर्तुळात बॉल ठेवला जातो.

सामना ते हरले. तीन दिवसांनी घानानं चार गोल घातले. तुला वाटतं गोष्ट इथं संपली. पण थांब, सात आठवडे पुढं चल. २९ नोव्हेंबर, गोवा, बांबोळीचं मैदान. त्यातली बरीच पोरं फुटली नाहीत, फेकली गेली नाहीत. फुटबॉल महासंघानं त्यांना ‘इंडियन ॲरोज’ म्हणून एकत्र ठेवलं आणि आय-लीगमध्ये मोठ्या माणसांसमोर उतरवलं. पहिलाच सामना चेन्नई सिटीशी. तीन-शून्य जिंकले, आणि त्यात दोन गोल कोल्हापूरच्या अनिकेतचे.

हरलेल्या पोरांना कुणी धीराची भाषणं दिली असतीलही. पण त्यांना खरोखर मिळालं ते एवढं: त्याच मित्रांबरोबर आणखी एक सकाळ, आणखी एक सामना.

*

“ए बेळगाव! उठतोस न्हवं?”

तू टचलाइनवर आहेस. तळहातांवर फक्की आहे. सर शिट्टी वाजवून सगळ्यांना जवळ बोलावतात. तुझी चूक ते काढत नाहीत. ते कागलच्या बॅकला विचारतात, “त्यानं बॉल घालवला तेव्हा त्याच्यामागं कोण होतं?”

बॅक खाली बघतो. “कोन न्हवतं, सर.”

“म्हणजे बॉल एकानं घालवला, गोल दोघांनी दिला.”

मग ते एक गोष्ट सांगतात. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात इस्पितळांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका तपासल्या. चांगल्या गटांच्या चुका कमी निघतील अशी अपेक्षा होती. नोंदी बघितल्या तर चांगल्या गटांच्याच जास्त. नंतर उलगडा झाला: ती माणसं जास्त चुकत नव्हती, चूक उघड सांगत होती. बाकीचे लपवत होते.

“आजपासून मैदानावर दोन शब्द,” सर म्हणतात. “बॉलवर जाताना ‘माझा’. चूक झाल्यावर हात वर करून ‘माझी’. आणि लगेच आपल्या जागेवर. बॉल माझा म्हणायला सगळ्यांना येतंय. चूक माझी म्हणायला शिका.”

पहिले काही दिवस तोंडातून शब्द फुटत नाही. मग एकदा कर्णधाराचा पास चुकतो, तो हात वर करतो, “माझी!” आणि पळत मागं येतो. त्या दिवसापासून सगळ्यांना सोपं जातं. तुलाही. चूक बोलून टाकली की ती पुढच्या पासला चिकटत नाही, हे तुझ्या पायांना डोक्याआधी कळतं.

सरांनी खोलीच्या दारामागं एक नंबर खडूनं लिहून ठेवलाय: १४४१६. टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठी सरकारची मोफत सेवा, रात्रीबेरात्री कधीही, मराठीतून, कन्नडातून. पाय मुरगळला तर सांगता, झोप लागत नसली तर तेही सांगायचं, इतकंच ते म्हणतात. एका रात्री तू तो नंबर लावतोस. पलीकडचा आवाज घाई करत नाही. दुसऱ्या दिवशी तू सरांनाही सांगतोस, आणि ते तुला यादीतून काढत नाहीत.

महिन्याभरानं सामन्याच्या दिवशी फक्की मारायची पाळी तुझी आणि कागलच्या बॅकची येते. साडेपाच वाजलेत, दव पडलंय. तो दोरी ताणून धरतो, तू वाकून पांढरी पूड सोडत जातोस. दोरी सैल पडली तर रेघ वाकडी येणार. तो सैल पडू देत नाही. कोपऱ्यावर पोचल्यावर तो विचारतो, “तू त्ये बिडु बिडु म्हनायचास, त्ये काय असतंय रं?”

“सोड. बॉल सोड, मागं आपला मानूस हाय.”

तो मान हलवतो. मग तुझं नाव विचारतो. खरं नाव. तू सांगतोस.

दुपारी सामना रंगतो. तुम्ही एका गोलनं पुढं आहात, शेवटची मिनिटं. पळणाऱ्या पायांनी सकाळची रेघ केव्हाच पुसट केलीय. समोरच्यांचा उंच बॉल तुमच्या पेनल्टी एरियात येतो. तू बचावाला मागं आलायस, बॉल तुझ्या डोक्याशी आहे, आणि समोरचा स्ट्रायकर तुझ्या अंगावर येतोय. तुझी सवय सांगते, मार. तुझी भीती सांगते, मार.

तुझ्या पाठीमागून कागलच्या आवाजात हाक येते.

“बिडु!”

तू मागं न बघता मान खाली घेतोस.